दाजींचे मोजे आणि घाटातला वारा

जगातल्या सगळ्या माणसांची विभागणी आमच्या दाजींनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. जात, धर्म, पक्ष, पैसा या विभागण्या मोडाव्यात म्हणून मी शहरभर भांडत फिरतो, पण दाजींना त्यातली एकही खरी वाटत नाही. त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची असतात. एक, ज्यांनी आयुष्यात कधीतरी आपल्या मोज्यांचा विचार केला आहे आणि दुसरी, ज्यांनी तो केलेला नाही. नवीन माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. दाजी घोट्याकडे बघतात, मग हळूहळू वर येतात, आणि चेहऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांचं त्या माणसाबद्दलचं मत झालेलं असतं. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला त्यांनी मत दिलं नाही. त्याला मत का देऊ नये हे मी माझ्या पत्रकात पाण्यावरून सविस्तर मांडलं होतं. दाजींचं कारण एवढंच होतं, "ज्याचा मोजा सभेत उभ्या उभ्या खाली घसरतो, त्यो पाच वर्षं काय टिकंल?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचं घर खुलताबादकडचं, शेतीवाडीचं. शेती धाकटा भाऊ बघतो आणि दाजी वाळूजच्या एका कारखान्यात तयार होऊन आलेले सुटे भाग तपासतात. भाग बरोबर असेल तर पुढे, नसेल तर मागे. आयुष्याकडेही ते याच नजरेनं बघतात. माझं बालपण मात्र पत्रकांत गेलं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, जन्मभर चळवळीत. घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. मला अक्षरओळख झाली ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या शब्दांवर. शाळेचा डबा पत्रकात गुंडाळलेला असे आणि कधी कधी पोळीवर 'धिक्कार' हा शब्द उलटा उमटलेला असे. अशा घरात हा मोजेवाला जावई आला, तेव्हा आता या माणसाशी बोलायचं तरी काय, हा मला गंभीर प्रश्न पडला होता.

त्याचं उत्तर मांडवातच मिळालं. अण्णांनी लग्न साधं ठरवलं होतं, पण दाजींकडच्या मंडळींनी रीतीभाती बरोबर आणल्या होत्या. त्यात कानपिळी आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि नवरदेवानं त्याला मानाचं काहीतरी द्यायचं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सरंजामशाहीचे उरलेसुरले अवशेष स्वतःच्या हातानं पुसून काढायचं मनावर घेतलं होतं. मी भर मांडवात कान पिळायला नकार दिला आणि मानपान या विषयावर बोलायला सुरुवात केली. भटजी थांबले, आत्या रडकुंडीला आली, बँडवाले खुर्च्या शोधू लागले. दाजींनी मुंडावळ्या बाजूला सारून माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, मुद्दा बरोबरंय तुमचा. पण पिळा. नाय तर ही वस्तू मला वापस न्यावी लागंल." मी पिळला. इतरांच्या मेव्हण्यांना घड्याळ मिळतं, शर्टाचं कापड मिळतं. मला मिळाला मोज्यांचा एक जोड, उंच, राखाडी, वरून खाली बारीक रेघा असलेला. वर दाजींनी कानात सांगितलं, "गार पाण्यात धुवा. पिळू नका. पिळायचा तेवढा कान पिळून झालाय." बोलायचं काय हा प्रश्न तेव्हापासून मला परत पडला नाही.

दाजी सायकल चालवतात. कारखान्याला जायला नव्हे, त्यासाठी कंपनीची बस आहे. ते पहाटे उठून वाऱ्याशी भांडायला सायकल चालवतात. आणि त्या भांडणात मोजे हे आपलं हत्यार आहे असा त्यांचा पक्का समज होता. त्यांचा सिद्धांत असा. सायकलवाल्याची खरी मारामारी रस्त्याशी नसते, हवेशी असते. अंग वाकवता येतं, डोकं खाली घालता येतं, पण पिंढऱ्या मात्र सारख्या वरखाली, वरखाली हवा घुसळत असतात. आता उघड्या कातडीवरून हवा लवकर सुटते आणि मागं भोवरा करते, तो भोवरा पाय मागं खेचतो. पण पिंढरीवर रेघांचं कापड असलं की हवा त्याला जरा चिकटून राहते आणि भोवरा लहान होतो. "चेंडूची एक बाजू खरखरीत झाली की त्यो हवेत कसा वळतो, बघितलं नाय का किरकेटात? तसंच हे," असं म्हणून ते समोरच्याची पँट घोट्याच्या वर करायला लावत आणि त्याच्या पिंढरीवर बोटानं वारा काढून दाखवत. एकदा ताईकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या नवऱ्यांना त्यांनी बाहेर ओट्यावर ओळीनं असं बसवलं होतं. आत वाण लुटलं जात होतं आणि बाहेर शेजारचे चार प्रतिष्ठित गृहस्थ पँटी वर करून भोवरा म्हणजे काय ते समजून घेत होते.

मोजे घ्यायला ते शहागंजातच जातात. तिथल्या होजिअरीच्या दुकानदारानं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं बघितली असतील, पण मोज्यात हात घालून तो दुकानाच्या पंख्यासमोर धरणारं गिऱ्हाईक त्याला आमच्या दाजींच्या रूपानं पहिल्यांदा भेटलं. दाजी एकेक जोड ताणत, उजेडात धरत, गालावर घासत आणि मग विचारत, "इसमें रेघा खडी हय क्या आडवी?" शेवटी एकदा तो दमून म्हणाला, "दाजी, मोजे हैं ये. हवाईजहाज नहीं है." दाजींना हे फार आवडलं. पुढं कित्येक दिवस ते आम्हाला सांगत होते की शहागंजात एकच माणूस आहे ज्याला आपला विषय थोडा तरी कळतो.

उन्हाळ्यात त्यांनी ताईच्या घरातला कूलर ताब्यात घेतला. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना यातलं गांभीर्य कळेल. तो मोठा पत्र्याचा कूलर हॉलच्या खिडकीत असायचा. दाजींनी त्याच्यासमोर स्टूल मांडलं, पायात मोजे घातले, ताईच्या टोपलीतले लोकरीचे धागे कापून ते मोज्यांवर चिकटवले आणि पाय हवेत धरून बसले. धागे सरळ उडाले तर हवा चिकटली, फडफडले तर सुटली. असा हिशोब चालू असताना माझ्यासाठी स्थळ घेऊन एक पाहुणे आले. दार उघडंच होतं. त्यांना दिसलं ते असं : एक भारदस्त गृहस्थ, दोन्ही पाय कूलरपुढे वर, पायांना रंगीत धागे, आणि डोळ्यांत समाधीचे भाव. ताईनं पाणी पुढं केलं आणि म्हणाली, "बसा ना. त्यांचं वारा घेणं चालू आहे." पाहुण्यांनी पाणी घेतलं, स्थळाचा विषय काही काढला नाही. मी मात्र त्या दिवशी दाजींशी कडाडून भांडलो, आणि ते लग्नावरून नव्हे. नळाला पाणी येऊन आठवडा झाला होता, त्या विषयावर माझं पत्रक छापायला गेलं होतं आणि इथं पिंढऱ्यांसाठी कूलरची टाकी रिकामी होत होती. दाजींनी कूलर बंद केला, माझं पत्रक मागून घेतलं, वाचलं आणि एका वाक्यावर बोट ठेवून विचारलं, "पाव्हणं, ह्या वस्तीला पाणी कमी अन् त्या वस्तीला जास्त असं लिव्हलंय. तपासलं का?" मी म्हणालो, सगळ्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "सगळ्यांला माहिती असलेलंच आमच्याकडं लई वेळा वापस पाठवावं लागतं." मी रागानं निघून गेलो आणि दुसऱ्या दिवशी त्या वस्तीत जाऊन बघून आलो. वाक्य बरोबर होतं. पण बघून आल्यावर ते मला अधिक चांगलं लिहिता आलं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मध्यंतरी दाजींनी ट्रायथलॉनमध्ये भाग घेतला. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकल, मग पळायचं, अशी ती शर्यत. यातले शहाणे लोक मोजे घालतच नाहीत, ओल्या पायानंच सायकलवर बसतात. दाजींना हे कसं मानवणार? तलावातून ते चांगले पुढच्या घोळक्यात बाहेर आले. ताई टॉवेल आणि पावडरचा डबा घेऊन उभी होती. मग तिथं जे झालं ते मोटारीच्या ट्यूबमध्ये भिजलेली उशी भरण्यासारखं होतं. पाय ओले, मोजे घट्ट आणि रेघा सरळ उभ्याच यायला हव्यात हा आग्रह. एकेक जण येत होता, सायकल उचलत होता, जात होता. ताई म्हणाली, "अहो, तो पोटवाला बी गेला." दाजी म्हणाले, "जाऊ दे. हे मोजे त्याला रस्त्यात गाठतेत." मोज्यांनी कुणालाही गाठलं नाही. पण दाजी शेवटचे आले तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांवरच्या रेघा ओळंब्यानं आखल्यासारख्या सरळ होत्या आणि फोटोत तेच सगळ्यात रुबाबदार दिसतात.

या सगळ्याला आम्ही हसत होतो, तोवर ठीक होतं. पण दाजी तपासनीस माणूस. नुसतं म्हणून ते थांबणारे नव्हते. त्या थंडीत त्यांनी घाटात चाचणी सुरू केली. शहरातून निघायचं, दौलताबाद ओलांडून घाट चढायचा, आणि घाटातल्या एका सरळ उताराच्या माथ्यावर पांढऱ्या दगडापाशी थांबायचं. साधे मोजे घालून तिथून सायकल सोडून द्यायची. पायडल मारायचं नाही, ब्रेकला हात लावायचा नाही. उतार संपून सपाटीवर सायकल जिथं आपोआप थांबेल तिथं रस्त्याच्या कडेला खडूची खूण करायची. मग परत घाट चढून खुलताबादला जायचं, चहा घ्यायचा, ताईसाठी पिशवीभर पेरू घ्यायचे, ज्यांना आमच्याकडे जांब म्हणतात, रेघांचे मोजे चढवायचे आणि त्याच दगडापासून पुन्हा सायकल सोडायची. दुसरी खूण पहिलीच्या पुढे पडली तर रेघा जिंकल्या.

रेघा रोज जिंकत होत्या.

याच उतारावर दाजींना कोमल भेटली. तिच्या घरची मेंढरं रस्ता ओलांडत होती आणि दाजींची चाचणी अडली होती. त्यांनी तिला मेंढरं जरा थांबवायची विनंती केली. ती म्हणाली, "मेंढरांला तुमचं काम समजाया पायजे ना, काका." तेवढ्यात एक मेंढी चुकून वर घाटाकडे पळाली. त्या पोरीनं बाभळीला टेकवलेली जुनी, मडगार्ड नसलेली सायकल उचलली आणि उभ्यानं पायडल मारत तो चढ अशी चढून गेली की दाजी तिच्या पायांकडे बघत राहिले. आणि तिच्या पायांत मोजे नव्हते हे त्यांना घरी आल्यावर आठवलं. यावरून ती किती चांगली चढली असेल याची कल्पना यावी.

पुढं दाजींनी तिला शिकवायला घेतलं. स्वतःची दुसरी सायकल दिली, मुंडी खाली कशी ठेवायची, कोपरं आत कशी घ्यायची, श्वास कुठं सोडायचा हे सगळं दाखवलं. एकटीनं घड्याळाशी सायकल पळवायच्या शर्यतीत ती जिल्ह्यातून पुढं गेली. आता राज्याची निवड चाचणी होती. त्यात निवड झाली तर खेळाच्या वसतिगृहात जागा, शिक्षण आणि सायकल दोन्ही. घरचं म्हणणं स्पष्ट होतं. तिचे वडील दाजींना म्हणाले होते, "निवड झाली तर आमी आडवं येत नाय. नाय झाली तर पोरगी मेंढरांमागं येईन. पुन्हा पुन्हा जमायचं नाय." एकच संधी होती. दाजींनी तिला रेघांच्या मोज्यांचा जोड दिला आणि घाटातल्या खुणा दाखवल्या. रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा जो गट जमतो त्यातही एव्हाना सगळ्यांच्या पिंढऱ्यांवर रेघा आल्या होत्या. दाजींनी सांगितलं म्हणजे तपासलेलं असणार, असा त्यांचा लौकिक.

आणि मग ताईनं जांब बंद केले. एके दिवशी ती वैतागून म्हणाली, "बास करा आता. जांबाची कोशिंबीर झाली, भाजी झाली, शेजारणी मला बघून दार लावायल्यात. आता एक जांब जरी आणला ना, तर कूलरमधी टाकीन." दाजी त्या सकाळी खुलताबादहून मोकळ्या पाठीनं निघाले, रेघांचे मोजे घालून सायकल सोडली आणि ती साध्या मोज्यांच्या खुणेपाशीच येऊन उभी राहिली. त्यांनी टायर बघितले. दुसऱ्या दिवशी परत गेले, परत तेच. तिसऱ्या वेळी ते खडूच्या खुणांमध्ये रस्त्याच्या कडेला बसून राहिले. भरलेला ट्रक उतारावर रिकाम्या ट्रकपेक्षा लांब जातो, हे ज्याला माहीत नाही असा माणूस वाळूजमध्ये मिळणार नाही. इतके दिवस सायकल पुढं गेली होती ती मोज्यांनी नव्हे, पाठीवरच्या जांबांनी. दुसरी फेरी नेहमी खुलताबादच्या बाजारानंतरची होती, एवढी साधी गोष्ट या तपासनीस माणसाच्या ध्यानात आली नव्हती, कारण बायकोसाठी जांब घेणं हा चाचणीचा भाग आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

ते घरी आले आणि ताईला म्हणाले, "तुझ्या जांबांनी घात केला." ताई म्हणाली, "माझे कशाला? मी मागितले होते का?" मी तिथंच बसलो होतो, दाजी माझ्याकडे वळले. "पाव्हणं, त्या पोरीला सांगावं लागंल."

निवड चाचणी आठवड्यावर आली होती. मी म्हणालो, दाजी, आता नको. तिला त्या मोज्यांचा विश्वास आहे, विश्वासानं माणूस जोरात जातो. मोर्चात पुढं चालणाऱ्याला आपण असं सांगतो का, की मागं माणसं कमी आहेत? दाजींनी माझ्याकडे बघितलं, पायांकडे नव्हे, थेट तोंडाकडे. "सांगायला पायजे," ते म्हणाले. "मागं माणसं हायेत असं समजून त्यो एकटाच लाठी खातो ना मंग." आम्ही दुसऱ्या सकाळी माझ्या गाडीवर तिच्या वस्तीवर गेलो.

कोमल सायकलची चेन पुसत होती. दाजी उभ्यानंच म्हणाले, "कोमल, त्या मोज्यांचं मी जे सांगितलं ते चुकीचं निघालं."

"म्हंजी काय, काका?"

"त्यानं सायकल लांब जाती म्हणलो ना. ती मोज्यानं नव्हती जात. पाठीवर जांब व्हते."

तिनं चेन सोडली. "जांब?"

"व्हय. जांब."

"मंग मी जांब घेऊन पळू का?"

मला हसू आलं, पण दाजींना आलं नाही. त्यांनी तिला सगळं नीट समजावलं. उतारावर वजन मदत करतं आणि चढावर तेच मारतं. मोजे वाईट नाहीत, कदाचित थोडा फायदा असेलही, पण आपल्याकडं त्याचा पुरावा नाही. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. मला जी भीती होती तीच खरी ठरली असं वाटलं. मग ती म्हणाली, "अन् बाकीचं? मुंडी खाली, कोपरं आत, ते बी तसलंच का?"

"ते नाय. ते मी दुसऱ्या रस्त्यावर तपासलंय. सपाटीला, जांब नसताना. ते पक्कंय."

"नक्की?"

"नक्की. ते चुकलं असतं तर ते बी सांगाया आलो असतो."

मागं तिची आई पाण्याचा हंडा ठेवता ठेवता थांबली होती. मग कोमल खाली बसली आणि परत चेन पुसायला लागली. "मंग बरंय," ती म्हणाली. "चुकलं ते तुम्ही घरी येऊन सांगितलं. राहिलेलं मी आता डोळं झाकून करते. मुंडी काय वर येत नाय आता."

परत येताना घाटाच्या पायथ्याशी दाजींनी मला गाडी थांबवायला सांगितली आणि म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही पत्रकं काढता. एक माझं काढा. रविवारच्या गटाला वाटायचंय." मी आयुष्यात जागे व्हा, उठा, निषेध, जाब विचारा अशी सगळ्या प्रकारची पत्रकं बघितली होती. पण आपण चुकलो असं सांगणारं पत्रक मी कधी हातात धरलं नव्हतं. त्याला सुरुवात कशी करतात हेच मला माहीत नव्हतं. मी जोरदार मथळा दिला, तो दाजींनी काढला. मी परिस्थितीवर एक परिच्छेद लिहिला, तोही काढला. शेवटी एवढंच राहिलं : 'सायकलवाल्या मित्रांनो, रेघांच्या उंच मोज्यांनी वेग वाढतो असं मी सांगितलं होतं. त्याचा पुरावा म्हणून घाटातल्या ज्या खुणा दाखवल्या त्या माझ्या पाठीवरच्या पेरूंच्या वजनाने पडलेल्या होत्या. मोजे चांगले आहेत, आवडत असतील तर जरूर घालावेत. वेग हवा असेल तर डोकं खाली ठेवावं.' खाली नाव. लोक हसले, पुष्कळ हसले. एकानं पुढच्या रविवारी दाजींना पेरूची माळ घातली. दाजींनी ती गळ्यात घालून सगळी फेरी केली आणि उतारावर सगळ्यांच्या पुढे गेले.

त्यातलं एक पत्रक मी अण्णांना दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, उलटून मागं काही आहे का बघितलं, मग घडी घालून आपल्या खिशात ठेवलं. "इतकी वर्षं पत्रकं काढली," ते म्हणाले. "असलं एखादं काढायला पाहिजे होतं." एवढंच. मग त्यांनी ताईला विचारलं, जावई जांब आणायचे ते बंद का झाले.

निवड चाचणीला आम्ही सगळे गेलो. सुरू व्हायच्या आधी एक पंच पट्टी घेऊन प्रत्येकीच्या मोज्याची उंची बघत होता, कारण ठरावीक उंचीच्या वर मोजा चालत नाही असा नियम आहे. दाजींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मोज्यात काहीच नसतं तर हा नियम कशाला केला असता. कोमलनं रेघांचेच मोजे घातले होते. मी विचारलं तर म्हणाली, "काकांनी दिल्यात. अन् सकाळी पाय गार पडतेत." ती सुटली. मुंडी खाली, कोपरं आत. बाकीच्या पोरी वारा लागला की डोकं वर काढत होत्या, पुढं किती राहिलं ते बघत होत्या. तिनं काढलं नाही. आमच्या समोरून ती गेली तेव्हा मी दाजींकडे बघितलं. या माणसाला ओळखायला लागल्यापासून मी पहिल्यांदाच पाहिलं, सायकल समोरून जात होती आणि तो पायांकडे बघत नव्हता. निवडीच्या यादीत तिचं नाव शेवटचं होतं. पण यादीत होतं.

आता ती वसतिगृहात आहे. सुट्टीला येते, दाजींना तिथल्या गोष्टी सांगते. तिथं म्हणे मोठ्या पंख्यापुढं सायकल ठेवून मोज्यांसकट सगळं तपासतात अशा जागा असतात, आणि मोज्यांचा फायदा खरंच असतो, पण फार जोरात जाणाऱ्याला, आणि तोही इतका थोडा की आदल्या रात्री नीट झोप झाली नाही तर निघून जातो. दाजी हे ऐकून खूश झाले. इतकी वर्षं आपण अगदीच रिकाम्या हवेशी भांडत नव्हतो, एवढं त्यांना पुरलं. मी अजून पत्रकं लिहितो, अजून तितकाच चिडतो, आणि चिडायची कारणं काही कमी झालेली नाहीत. फक्त छापायला द्यायच्या आधी कागद खाली ठेवतो आणि स्वतःला विचारतो, पाठीवर जांब तर नाहीत ना. कधी कधी असतात. मग परत जाऊन बघून यावं लागतं. लोक माझ्या पत्रकांवर आता आधीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. त्याचं श्रेय मला मिळतं आणि मी ते गप्प बसून घेतो. ते कुणाचं आहे हे कधीतरी लिहून ठेवायला हवं होतं, म्हणून हे लिहिलं.

दाजींची चाचणी बंद झालेली नाही. या थंडीत मी एकदा त्यांच्या मागं घाटात गेलो होतो. पांढऱ्या दगडापाशी ते साधे मोजे घालून उभे होते आणि पाठीवर पिशवी गच्च भरलेली होती. मी म्हणालो, दाजी, पहिल्याच फेरीला जांब? ते म्हणाले, "दोन्ही फेऱ्यांला सारखं वजन पायजे. म्हणून आधीच वर जाऊन घेऊन येतो." मी म्हणालो, मग दोन्ही फेऱ्या रिकाम्या पाठीनं करा ना, सारखंच होईल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी फारच बाळबोध बोललो होतो. "अन् तुमच्या ताईला काय, मोकळ्या हातानं जाऊ?"

त्यांनी सायकल सोडली. उतारावर हल्ली मेंढरं आडवी येत नाहीत, कोमलच्या घरचे आता पलीकडच्या डोंगराला असतात, तरी त्या जागी दाजींचा हात सवयीनं ब्रेककडे जातो आणि लावता लावता थांबतो. मग ते मुंडी खाली घालतात, आणि पाठीवरच्या जांबांसकट हळूहळू लहान होत जातात.